जास्तीचा एक बार दाब कुणासाठी असतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही एका कारखान्याच्या युटिलिटी विभागात, म्हणजे हवा, वाफ, पाणी पुरवणाऱ्या विभागात आहात. सहा महिन्यांपूर्वी ऊर्जाबचतीची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडली. तुम्ही दाबाच्या हवेची गळती काढली, ती हवा बनवणाऱ्या कॉम्प्रेसरचा दाब 7.5 बारवरून (बार म्हणजे दाबाचं एकक) 6.5 वर आणला, दोन पंपांना व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह बसवले, विभागवार सबमीटर लावले आणि दर आठवड्याला कोणत्या विभागाने किती युनिट खाल्ले याचा तक्ता भिंतीवर लावायला सुरुवात केली. पहिले दोन महिने वापर खाली आला, मग ये रे माझ्या मागल्या. आता प्रॉडक्शन म्हणतं मेंटेनन्समुळे मशीन अडतात, मेंटेनन्स म्हणतं प्रॉडक्शनला शिस्त नाही, आणि तुम्ही शॉपमध्ये शिरलात की दोघंही गप्प होतात. लोकांना ऊर्जेचं महत्त्व कसं पटवायचं, असं तुम्ही विचारलंय.

पटवण्याचा प्रश्नच नाही, असं माझं मत आहे. या कामात मला एकवीस वर्षं झाली. त्यातली निम्मी एका कारखान्याच्या कॉम्प्रेसर रूममध्ये गेली, निम्मी दुसऱ्यांच्या कारखान्यांचं ऊर्जा-ऑडिट करण्यात. वीज वाया जावी असं वाटणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. ऊर्जा वाया घालवून स्वतःचा ताण कमी करणारी माणसं मात्र पावलोपावली भेटली, आणि त्यांचं चुकत होतं असंही म्हणवत नाही.

कारखान्यात जादा जाणारी ऊर्जा बऱ्याचदा कुणाची तरी उशी असते. दाब एक बार जास्त ठेवला की प्रॉडक्शनला कॉम्प्रेसर रूमला फोन करावा लागत नाही. पंप पूर्ण वेगाने चालत राहिला की आज पाणी किती लागणार हे कुणी कुणाला विचारत नाही. बॉयलर रात्रभर गरम ठेवला की सकाळची पाळी नक्की किती वाजता वाफ घेणार हे कळवायची गरज उरत नाही. दोन विभागांना एकमेकांशी न बोलता काम करता यावं, म्हणून आपण ते बिल भरत असतो. तुम्ही उशी काढून घेतलीत. तिच्या जागी बोलणं यायला हवं होतं, ते आलं नाही. म्हणून भांडण आलं.

आता हे कुठे किती लागू पडेल ते परिस्थितीवर अवलंबून आहे. चोवीस तास चालणारी भट्टी किंवा सलग प्रक्रिया असेल, तर माणसांच्या सवयींना वाव कमी असतो. तिथे बचत बरीचशी रचनेत आणि कंट्रोलमध्ये दडलेली असते. बॅचमध्ये काम चालत असेल, पाळ्या बदलत असतील, एकाच हवेवर किंवा वाफेवर चार विभाग जगत असतील, तर सवयी आणि समन्वय हाच मोठा हिस्सा असतो. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारातलं वाटतं. आणखी एक गोष्ट: ऑपरेटर दर काही महिन्यांनी बदलणारे असतील, तर प्रशिक्षणावर फार भिस्त ठेवू नका. माणूस जातो, व्हॉल्व्ह तिथेच राहतो. अशा ठिकाणी व्हॉल्व्हची जागा आणि त्यावरची खूण नीट करणं जास्त टिकतं.

दाबाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमचं भांडण बहुधा तिथूनच सुरू झालंय. सात बारच्या आसपास दाब एक बारने उतरवला की कॉम्प्रेसरची वीज साधारण 6 ते 7 टक्क्यांनी कमी होते, शिवाय उरलेली गळतीही घटते. म्हणून प्रत्येक ऑडिटरच्या अहवालात ही सूचना पहिल्या पानावर असते. माझ्याही असायची. आमच्याच कारखान्यात मी दाब 6.5 वर आणला, तेव्हा रोज सकाळी येऊन बघतो तर पॅनेलवर 7.4! मी खाली आणायचा, रात्री पुन्हा वर. शेवटी मी सेटिंगला पासवर्ड टाकला. आज त्याची लाज वाटते. दोन दिवसांनी रात्रपाळीच्या ऑपरेटरने दुसरा, बंद ठेवलेला कॉम्प्रेसरच चालू करून ठेवला. बिनलोड, म्हणजे हवा न बनवता चालणारा एकाच वेगाचा स्क्रू कॉम्प्रेसर पूर्ण लोडच्या साधारण एक तृतीयांश वीज नुसता फिरण्यात खातो. म्हणजे माझ्या पासवर्डने वापर वाढवला.

मग एका रात्री जाऊन त्याच्याजवळ बसलो. हातात वही, समोर दाबाचा काटा. पावणेबारापर्यंत काटा 6.5 वर स्थिर. पाळी संपायला पंधरा मिनिटं उरली आणि काटा खाली सरकू लागला. 6.3, 6.0, 5.7. त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मिनिटभरात फोन वाजला. शॉपच्या दूरच्या टोकाच्या एका मशीनची जॉबवरची (घडवायच्या तुकड्यावरची) पकड दाब कमी झाल्यामुळे सुटली होती, जॉब आत अडकला होता. फोनवरचा आवाज मलाही लांबून ऐकू येत होता. फोन ठेवून तो म्हणाला, "साहेब, बिल कंपनी भरते, ओरडा मी खातो."

काटा का पडत होता? पाळी संपताना सगळे ऑपरेटर आपापलं मशीन एअर गनने झाडत होते. तीसेक गन एकाच वेळी. दूरच्या मशीनला जाणारा होज बारीक होता, त्याआधीचा फिल्टर चोंदलेला होता. तेवढ्या एका तुकड्यात जवळजवळ अर्धा बार दाब मरत होता. फिल्टर बदलायला झालाय हे मेंटेनन्सच्या जुन्या फिटरला माहीत होतं. झाडण्याच्या वेळी मशीन अडतं हे प्रॉडक्शनच्या सुपरवायझरला माहीत होतं. दाब पडतो हे कॉम्प्रेसरवाल्याला माहीत होतं. तिघांच्या तीन वह्या, आणि त्या तीन वह्या एका टेबलावर कधीच आल्या नव्हत्या, कारण जादा एक बारने तिन्ही दुखणी झाकून ठेवली होती.

उपाय फार थोर नव्हते. फिल्टर बदलला, होज मोठा केला, त्या मशीनजवळ चेक व्हॉल्व्हसह (हवा उलटी जाऊ न देणारा) छोटा रिसिव्हर, म्हणजे हवेची टाकी बसवली, म्हणजे बाकी शॉपने हवा ओढली तरी त्याचा साठा त्याच्याचकडे राहील. झाडण्यासाठी बहुतेक ठिकाणी ब्रश आणि व्हॅक्यूम दिले, उरलेल्यांनी दोन तुकड्यांत झाडायचं ठरलं. शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पासवर्ड काढला आणि ऑपरेटरला लेखी मुभा दिली, की अडचण आली तर दाब 0.3 बारपर्यंत वाढव, फक्त वेळ आणि कारण लिही. पहिल्या महिन्यात त्याने सात वेळा वाढवला. त्या सात नोंदींमधून आम्हाला आणखी दोन चोंदलेले फिल्टर सापडले. चौथ्या महिन्यात वही कोरी राहिली आणि दाब 6.3 वर चालला. हे 6.3 मी सुचवलं नव्हतं, त्यानेच सुचवलं.

तुमचाही दाब कुणीतरी गुपचूप वर नेतंय का, हे आधी बघा. नेत असेल तर त्याला पकडू नका, त्याच्याजवळ बसा.

गळतीकडे वळू. लक्ष न दिलेल्या कारखान्यात बनवलेल्या हवेपैकी 20 ते 30 टक्के गळतीत जाणं नेहमीचं आहे. सात बारच्या लाइनवर तीन मिलिमीटरचं एक छिद्र कॉम्प्रेसरकडून साधारण तीन ते चार किलोवॉट ओढतं, रात्रंदिवस. तुम्ही एकदा गळती काढलीत, छान. पण गळती केरासारखी असते, आज काढली तरी उद्या जमते. कपलिंग झिजतात, होज हलतात, कुणी घाईत फेरूल नीट आवळत नाही. सहा महिन्यांनी तुमचा वापर वर आला त्यात याचा वाटा नक्की असणार.

इथे कामाची पद्धत बदलते ती मोजणीमुळे. सुट्टीच्या दिवशी, उत्पादन पूर्ण बंद असताना एक कॉम्प्रेसर चालू ठेवा आणि स्टॉपवॉच घेऊन बसा. तो लोडवर किती वेळ चालतो आणि बिनलोड किती वेळ, हे चार-पाच फेऱ्यांत मोजा. दोन मिनिटं लोड आणि सहा मिनिटं बिनलोड असेल तर दोन भागिले आठ, म्हणजे त्या कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या 25 टक्के गळती. यात कसलंही महागडं उपकरण नाही. पण ही चाचणी तुम्ही एकट्याने करू नका. प्रॉडक्शनचा एक सुपरवायझर आणि मेंटेनन्सचा एक फिटर सोबत बसवा आणि स्टॉपवॉच सुपरवायझरच्या हातात द्या. एकही मशीन चालू नसताना कॉम्प्रेसर धडाडत लोडवर येतो, तो आवाज एकदा ऐकलेल्या माणसाला पोस्टर दाखवावं लागत नाही. नंतर शॉपमधून चाललात की "ही आपली नाही, त्यांची" असली वाटणीही कमी होते, कारण आकडा तिघांनी मिळून काढलेला असतो.

एक खोच आहे, तिच्याकडे फार कमी लोक बघतात. गळती दुरुस्त करण्याचं सामान आणि माणसांचे तास मेंटेनन्सच्या बजेटमधून जातात, वाचलेली वीज मात्र विजेच्या खात्यात दिसते. मेंटेनन्सच्या मॅनेजरच्या बाजूने बघा: तुम्ही त्याचा खर्च वाढवला, माणसं अडकवली आणि शाबासकी भलत्यालाच मिळाली. मग तुम्ही गळतीच्या जागी लावलेले दुरुस्तीचे टॅग कामाच्या यादीत तळाला जातात. याला बेशिस्त म्हणू नका, साधं गणित आहे ते. खर्च आणि बचत एकाच ओळीत दिसतील असा छोटा हिशेब दर महिन्याला त्याच्या नावाने वर पाठवा. शक्य असेल तर वाचलेल्यातला ठरावीक हिस्सा पुढच्या दुरुस्तीसाठी मेंटेनन्सकडेच राहील असं मान्य करून घ्या. ही गोष्ट तुमच्या पातळीवर होणार नाही, वरच्यांनाच ठरवावी लागेल. आयएसओ 50001 हे ऊर्जा व्यवस्थापनाचं मानक 2011 मध्ये आलं आणि 2018 मध्ये सुधारलं गेलं. त्यात सर्वोच्च व्यवस्थापनाच्या जबाबदारीवर एवढा भर आहे, त्यामागे मला हेच कारण दिसतं. खरेदी करताना आणि नवीन रचना करताना ऊर्जेचा विचार करायला ते सांगतं, तेही म्हणूनच. परचेसने स्वस्तातले कपलिंग आणले की वर्षभर गळती तुम्ही निस्तरता.

आता तुमचा भिंतीवरचा तक्ता. तो आजच काढा.

विभागांची एकमेकांशी तुलना केली की लोक ऊर्जा वाचवायच्या आधी मीटर वाचवायला लागतात. एका ठिकाणी मी पाहिलं, की एका विभागाने आपला कूलिंगचा पंप शेजारच्या विभागाच्या पॅनेलवरून जोडून घेतला होता. तक्त्यात तो विभाग पहिला आला. तिथल्या इलेक्ट्रिशियनने हसत हसत मला ती केबल दाखवली. शिवाय तुलना न्याय्यही नसते. हीट ट्रीटमेंट आणि असेंब्ली यांचे युनिट शेजारी लावून काय कळणार?

प्रत्येक विभागाची तुलना त्याच्या स्वतःच्याच मागच्या वापराशी करा, तीही उत्पादनाच्या हिशेबाने. मागच्या वीसेक आठवड्यांचे आकडे घ्या, आडव्या अक्षावर उत्पादन, उभ्या अक्षावर युनिट. बहुतेक वेळा ठिपके एका तिरप्या रेषेभोवती पडतात. ती रेषा डावीकडे वाढवत नेली की उत्पादन शून्य असतानाही काही युनिट उरतात. हा बेस लोड. तुमच्यासारख्या कारखान्यात खरा मासा बहुतेक वेळा इथेच असतो. त्याच्याबद्दल भांडणही कमी होतं, कारण कुणी काम करत नसताना गेलेल्या विजेचं खापर कुणाच्या कामावर फुटत नाही. हा आलेख सुपरवायझरला स्वतः काढायला शिकवा, कागदावर काढला तरी चालेल. आपण टाकलेला ठिपका रेषेच्या वर गेला तर माणूस कारण शोधतो. तुम्ही टाकलेला ठिपका वर गेला तर तो सबब शोधतो.

इथवरचं थोडक्यात: दाब आधी मशीनच्या जवळ मोजा आणि मग कमी करा, दाब वाढवण्याची मुभा ऑपरेटरला द्या पण नोंदीसह, गळतीची चाचणी तिघांनी मिळून करा, दुरुस्तीचं श्रेय दुरुस्ती करणाऱ्याच्या खात्यात टाका, विभागांची शर्यत बंद करा.

पहिल्या दोन महिन्यांतली घट खरी होती का, हेही विचारलंत. थोडी खरी, थोडी लक्ष दिल्यामुळे. 1924 पासून शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात प्रकाश आणि उत्पादनाचे प्रयोग झाले. उजेड वाढवा की कमी करा, लक्ष दिलं जातंय म्हणून कामगारांचं उत्पादन वाढलं, अशी गोष्ट त्यावरून पाठ्यपुस्तकांत रुजली. 2011 मध्ये लेविट आणि लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी मूळ आकडे पुन्हा तपासले, तेव्हा तो परिणाम सांगतात तितका ठसठशीत दिसला नाही. गोष्ट फुगवलेली असेल, पण माझ्या अनुभवात ऊर्जेच्या कामात नवलाईची घट असतेच. म्हणून मी पहिल्या दोन महिन्यांचे आकडे बचत म्हणून वर कळवत नाही. कळवले की तिसऱ्या महिन्यात आपणच खोटे पडतो.

आणि वापर पुन्हा वर का जातो, याचं गळतीखेरीज दुसरं कारण मोकळी झालेली हवा. कोळसा काटकसरीने वापरणारी इंजिनं आली की कोळशाचा एकूण खप वाढतो, हे जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1865 मध्येच मांडलं होतं. कारखान्यात त्याची छोटी आवृत्ती घडते. गळती निघाली, हवा मुबलक झाली, मग कुणी पार्ट वाळवायला नवा ब्लोअर पाइप जोडतो, कुणी पॅनेल थंड करायला. प्रत्येक जोडणी एकट्याने बघितली तर किरकोळ वाटते. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेपैकी टूलच्या टोकाला कामाच्या रूपात जेमतेम 10 ते 15 टक्के पोचते, म्हणून हवेने वाळवणं किंवा थंड करणं हा तिचा सगळ्यात महाग उपयोग. आमच्याकडे नियम एवढाच होता, की हवेची नवी जोडणी करण्याआधी कॉम्प्रेसर रूमच्या वहीत लिहायचं. परवानगी कुणाची नको, फक्त नोंद. लिहायला आलेल्या माणसाशी ऑपरेटर बोलायचा, आणि निम्म्या वेळा साधा पंखा लावून काम भागायचं.

पुढे काय येणार त्याची थोडी कल्पना देऊन ठेवतो, कारण तुम्ही कॉम्प्रेसरच्या उष्णतेवर वॉशिंग मशीनचं पाणी तापवायचा विचार करताय. योजना चांगली आहे, कॉम्प्रेसरच्या विजेचा मोठा भाग उष्णता म्हणूनच बाहेर पडतो. पण त्या दिवसापासून वॉशिंग विभाग कॉम्प्रेसरवर अवलंबून राहील. एका कारखान्यात अशी जोडणी झाल्यावर गळती काढण्याची मोहीम निघाली, कॉम्प्रेसर कमी चालू लागले आणि वॉशिंगमध्ये पाणी कोमट झालं. पार्टवर तेल राहिलं, माल नाकारला गेला. वॉशिंगच्या सुपरवायझरने तीन दिवस हीटर तपासला. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! दोन खोल्यांमध्ये भिंत एकच होती, पण कॉम्प्रेसरचं वेळापत्रक बदलतंय हे तिकडे कळवायचं कुणाला सुचलं नाही. जोडणी करताना पाइपांच्या आराखड्यासोबत हेही कागदावर आणा: कोण काय बदलणार असेल तर कुणाला आधी सांगणार, आणि उष्णता कमी पडली तर पर्यायी हीटर कोण चालू करणार.

व्हीएफडीबद्दल तुमची तक्रार होती की सांगितली तेवढी बचत दिसत नाही. वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणून पंपाचा वेग 20 टक्क्यांनी कमी केला की वीज जवळपास निम्मी होते हे खरं, पण पाणी उंचावर चढवायचं असेल तर हे घनाचं गणित तसंच्या तसं लागत नाही. त्याआधी एक साधी गोष्ट बघा. पंपापुढचा थ्रॉटल व्हॉल्व्ह (प्रवाह अडवून कमी करणारा) अजून अर्धा बंद आहे का? जुना ऑपरेटर सवयीने तो अर्धा बंद ठेवतो आणि ड्राइव्ह बिचारा त्याच्याशी झुंजत बसतो. व्हॉल्व्हवर वेगळी खूण करा आणि ती का केली ते त्यालाच सांगा.

सेन्सर लावून सगळं आपोआप बंद करावं का? जिथे कुणाचा अंदाज किंवा निर्णय लागत नाही तिथे जरूर करा: गोदामातले दिवे, सुट्टीच्या दिवशी हवेच्या मुख्य लाइनचा व्हॉल्व्ह. जिथे माणसाला अंदाज घ्यावा लागतो तिथे सेन्सर लादलात तर आठवड्याभरात त्याच्यावर चिकटपट्टी दिसेल. चिकटपट्टी दिसली तर रागावू नका, ती पण एक नोंदच आहे.

बक्षिसाचं म्हणाल तर मी एका पाळीला कधीच देत नाही. रात्रपाळीने बॉयलर लवकर बंद करून बक्षीस घ्यायचं आणि सकाळच्या पाळीने थंड लाइन तापवत बसायचं, असं होतं. द्यायचंच असेल तर सगळ्या पाळ्यांना मिळून द्या, आणि त्याआधी पाळी बदलताना दहा मिनिटांचा हँडओव्हर पगारी वेळेत धरून घ्या. दोन पाळ्या गेटवरच एकमेकांना ओलांडत असतील, तर कोणतं मशीन गरम ठेवलंय आणि कोणतं विसरून चालू राहिलंय हे कुणाला कळणार?

आता मला दोन आकडे पाठवा: सुट्टीच्या दिवशी पहाटे तीन वाजताचं मुख्य मीटरचं किलोवॉट, आणि पाळी संपण्याआधीच्या वीस मिनिटांत तुमच्या सगळ्यात दूरच्या मशीनजवळचा दाब, दर मिनिटाला एक नोंद. दुसरा आकडा त्या मशीनच्या ऑपरेटरलाच घ्यायला सांगा. ते आले की तुमचे 6.5 बार जमण्यासारखे आहेत की नाहीत, ते बघू.